गांजा आणि आरोग्य : कोणत्या वयात, किती तीव्र, कोणत्या वाटेने, किती वेळा?

निळाई

गांजाविषयी बोलणं निघालं की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, झाडपाल्याचं आहे, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. दुसरा म्हणतो, एकदा ओढलास की संपलास. मी व्यसनांच्या क्षेत्रात समुपदेशक आहे आणि समोर बसलेल्या मुलांना यांपैकी एकाही आवाजाचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. पहिल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला त्रास सुरू झाला तरी त्याचा गांजाशी संबंध असेल असं वाटत नाही. दुसरं ऐकत वाढलेला मुलगा एक दिवस दोन झुरके मारतो, दुसऱ्या दिवशी ठणठणीत उठतो, आणि मोठ्यांनी सांगितलेलं सगळंच खोटं होतं असं धरून चालतो. यातलं दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. जे नीट माहीत आहे ते एका जागी लिहून काढावं म्हणून हा धागा.

आधी शरीरात काय होतं ते. एकाच झाडाच्या पानांपासून भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस. त्यात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड द्रव्यं आहेत. नशा चढते ती टीएचसीने. दुसरं प्रसिद्ध द्रव्य सीबीडी, त्याने नशा चढत नाही. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं, पण ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं हे कळायला १९८८ उजाडलं. त्या जागेला, म्हणजे त्या ग्राहीला, सीबी१ म्हणतात. मग १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत लक्षात आलं की मेंदू स्वतःही तसं एक द्रव्य बनवतो. त्याचं नाव अ‍ॅनंडामाइड. भूक, वेदना, झोप, आठवण, भीती ओसरणं या सगळ्यात या यंत्रणेचा हात असतो. मेंदू हे द्रव्य लागेल तिथे, लागेल तेवढंच बनवतो आणि काम झालं की मोडून टाकतो. टीएचसी मात्र सगळीकडे एकदम पोचतं आणि तासन्‌तास ठाण मांडतं.

या यंत्रणेत ढवळाढवळ केली की काय होतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. सीबी१ बंद करणारं रिमोनाबँट हे औषध वजन उतरवण्यासाठी २००६ मध्ये युरोपात आलं. भूक कमी झाली, वजन उतरलं, पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचारही वाढले. २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली.

म्हणून माझ्याकडे कोणी ‘गांजा वाईट का?’ विचारलं की मी शीर्षकातले चार प्रश्न परत विचारते. त्यातल्या तीव्रतेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. अर्क काढून बनवलेल्या मालात ६० टक्क्यांच्या वरही असतं. ‘आम्ही तरुणपणी ओढायचो, काही झालं नाही’ असं सांगणारा माणूस खरं बोलत असतो, पण तो वेगळ्याच वस्तूबद्दल बोलत असतो.

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, तो विषय इथे नको. अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

काजवा

धागा आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. मी बऱ्याच वर्षांपासून अधूनमधून ओढतो, महिन्यातून एखाद्या वेळी. काम व्यवस्थित, घर व्यवस्थित. दारूने उद्ध्वस्त झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. दारू जास्त झाली तर माणूस मरतो, अफूच्या गोळ्यांनी श्वास थांबतो. गांजाने असं होत नाही ना? मग सगळे एकाच रांगेत का उभे करायचे?

निळाई

काजवादादा, एका रांगेत उभे करू नयेत हे मला मान्य आहे. तुम्ही म्हणता त्यामागचं कारणही ठाऊक आहे. मेंदूच्या तळाशी श्वास चालवणारी केंद्रं असतात. अफूवर्गीय द्रव्यांचे ग्राही तिथे भरपूर आहेत, सीबी१ अगदी थोडे. म्हणून नुसत्या गांजाने श्वास बंद पडून मरण्याचा प्रकार अफूसारखा होत नाही. महिन्यातून एकदा ओढणाऱ्या प्रौढ माणसाचा धोका रोज ओढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाइतका आहे असंही मी कधी म्हणणार नाही.

पण जीव जाण्याच्या इतर वाटा आहेत. गाडी चालवणं ही पहिली. ओढल्यावर काही तास आणि खाल्ल्यावर त्याहून जास्त वेळ प्रतिक्रिया मंदावते, वेळेचा आणि अंतराचा अंदाज चुकतो. सोबत दारू असेल तर दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो.

उंबरठा

मी तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. काजवा यांच्या मुद्द्यात दोन गोष्टी जोडतो.

पहिली हृदयाची. ओढल्यावर काही मिनिटांत नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकते. विशीतल्या निरोगी माणसाला फक्त धडधड जाणवते. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या माणसाचं तसं नाही. पन्नाशीनंतर ‘जुन्या मित्रांबरोबर एकदा’ म्हणून ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी, गांजाच्या नावाने विकली जाणारी कृत्रिम रसायनं. वाळक्या पाल्यावर फवारलेली असतात, ‘स्पाइस’, ‘के२’ अशा नावांनी फिरतात. टीएचसी सीबी१ला अर्धवट चालना देतं, यातली बरीचशी रसायनं पूर्ण देतात. फिट येणं, किडनी बंद पडणं, मृत्यू, हे सगळं त्यांनी झालेलं आहे. ‘गांजाने कोणी मरत नाही’ हे वाक्य यांना अजिबात लागू नाही, आणि हातात आलेली पुडी कशाची आहे हे बघून ओळखता येत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घाबरून येतात ते खाणारे. धूर फुप्फुसातून मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत पोचतो, म्हणून माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. पोटातून गेलेल्याला अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही मेंदूवर जोरदार काम करतं. माणूस तासभर वाट बघतो, काहीच झालं नाही म्हणून आणखी खातो, मग दोन्ही मात्रा एकत्र चढतात. सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. आपण मरतोय अशी खात्री पटलेली माणसं मी पाहिली आहेत. बहुतेकांना शांत खोली, धीर देणारं माणूस आणि वेळ एवढंच लागतं. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, फिट आली असेल किंवा लहान मुलाने चुकून खाल्लं असेल तर मात्र घरी थांबू नका. लहान मुलं यात खरोखर बेशुद्ध पडतात.

पाणवठा

उंबरठा, रोज ओढणाऱ्यांच्या उलट्यांबद्दल जरूर लिहा. माझ्या भावाला दर दोन-तीन महिन्यांनी भयंकर ओकाऱ्या व्हायच्या, पोट पिळवटायचं. दुर्बिणीने तपासलं, सोनोग्राफ्या झाल्या, सगळं साफ. तो तासन्‌तास गरम पाण्याच्या शॉवरखाली बसून राहायचा, तेवढाच आराम. अनेक डॉक्टर झाले, पण ‘गांजा ओढतोस का’ हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. उलट गांजाने मळमळ थांबते असं वाचून तो अशा वेळी जास्तच ओढायचा. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरने गरम पाण्याचं ऐकलं आणि लगेच विचारलं.

उंबरठा

त्या शिकाऊ डॉक्टरला माझा सलाम. याला कॅनाबिस हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात. २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, आणि गरम पाण्याची ही खूण त्याच लेखात होती. वर्षानुवर्षं, जवळजवळ रोज वापरणाऱ्यांत हा त्रास दिसतो. उलट्यांची नेहमीची औषधं बऱ्याचदा लागू पडत नाहीत. पोटावर कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, मलम लावल्याने काहींना उतार पडतो. कायमचा इलाज एकच, पूर्ण बंद करणं. पुन्हा सुरू केलं की बहुधा त्रासही परततो. शरीरातलं पाणी आणि क्षार इतके कमी होतात की किडनीवर येतं, म्हणून उलट्या थांबत नसतील तर सलाइनसाठी दवाखाना गाठायलाच हवा.

सांजवात

निळाईताई, मी आई आहे. मुलगा सतरा वर्षांचा. गेलं वर्षभर ओढतो आहे हे मला आता कळलं, बहुतेक रोजच. अभ्यास घसरला, ते मी समजू शकते. पण गेल्या काही दिवसांत तो म्हणतो की शेजारचे त्याच्याबद्दल बोलतात, भिंतीपलीकडून नाव घेतात. रात्री झोपत नाही. वडील म्हणतात वयाचा दोष आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

निळाई

सांजवातताई, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे : या आठवड्यातच त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आठवडाभर वाट बघण्याइतका तो शांत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलत असेल, तर आजच तातडीच्या विभागात. भिंतीपलीकडून नाव ऐकू येणं हा वयाचा दोष नाही.

आता हे का म्हणते ते सांगते, वडिलांनाही वाचायला द्या. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता, तो अभ्यास १९८७ मध्ये आला. भरतीपर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. युरोपातली शहरं आणि ब्राझील मिळून ११ ठिकाणी झालेला दुसरा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. रोज घेणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास आणि भ्रमांच्या आजाराचा, धोका साधारण तिप्पट, आणि रोज तीव्र माल घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट. त्यात तीव्र म्हणजे १० टक्के किंवा जास्त टीएचसी.

या आकड्यांनी खचू नका. मुळात स्किझोफ्रेनिया शंभरात एखाद्याला होतो, त्यामुळे धोका कितीतरी पट वाढला तरी बहुसंख्य ओढणाऱ्यांना तो होत नाही. पण गांजामुळे एकदा भास-भ्रम झालेल्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यापैकी साधारण तिघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान होतं. म्हणून आत्ताची भेट टाळायची नाही. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं पुढचं सोपं जातं.

घरी त्याच्याशी वाद घालू नका. ‘कोणी बोलत नाही, वेडा आहेस का’ म्हटलं की तो तुमच्यापासूनही लपेल. ‘तुला ते ऐकू येतंय आणि तू घाबरला आहेस, आपण मदत घेऊ’ एवढं पुरे. नातेवाइकांत कोणाला असा आजार असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

तर्कट

सांजवात यांनी डॉक्टरांकडे जावंच, त्यात दुमत नाही. पण कार्यकारणाबद्दल एक शंका. ज्यांना हा आजार होणारच आहे तेच अस्वस्थपणामुळे आधी गांजाकडे वळत असतील तर? बुद्ध्यंकाचंही तसंच. न्यूझीलंडच्या डनीडिन अभ्यासात किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्यांचा बुद्ध्यंक ३८व्या वर्षापर्यंत सरासरी ८ गुणांनी घसरला, असं २०१२ मध्ये आलं आणि सगळीकडे छापून आलं. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांचा अभ्यास आला, त्यात ओढणारं भावंड न ओढणाऱ्या भावंडापेक्षा जास्त घसरलं नव्हतं. तो इतका गाजला नाही.

निळाई

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि तुम्ही तो नीट मांडला आहे. बुद्ध्यंकाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूला झुकते. घर, शाळा, स्वभाव, दारू, तंबाखू यांचा वाटा त्यात आहे, आणि मुलांना ‘आठ गुण जातील’ असं मी सांगत नाही. जुळ्यांच्या अभ्यासातली मुलं विशीच्या आसपासच होती, चाळिशीपर्यंत रोज ओढणाऱ्यांबद्दल त्यातून फारसं कळत नाही, एवढीच पुस्ती.

सायकोसिसच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. आनुवंशिक कल गांजा आणि आजार दोन्हींकडे ओढतो हे दिसलंय. पण मात्रा वाढली तसा धोका वाढतो, तीव्रता वाढली तसा वाढतो, आणि निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत शिरेतून टीएचसी दिलं तर तात्पुरता संशय आणि भास निर्माण होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ मध्ये हजारो अभ्यास चाळून जो अहवाल काढला, त्यातही हा संबंध भक्कम पुराव्याच्या गटात ठेवला आहे. ज्या मुलाच्या घरात हा आजार आहे त्याला ‘कारण सिद्ध व्हायचंय’ म्हणून ओढू द्यायला माझं मन धजणार नाही.

दूरस्थ

वडिलांना कर्करोग आहे, केमो चालू आहे. नातेवाईक रोज सीबीडी तेलाचे व्हिडिओ पाठवतात, गाठ विरघळते म्हणतात. वेदनेला तरी उपयोग होईल का?

उंबरठा

दूरस्थ, गाठ विरघळते याला माणसांवरच्या अभ्यासांचा आधार नाही. काचेच्या बशीतल्या पेशी मरणं वेगळं आणि माणसाचा कर्करोग बरा होणं वेगळं. या आशेवर केमो थांबवू नका, कळकळीने सांगतो.

उपयोग कुठे आहे तेही सांगतो. केमोच्या उलट्यांसाठी ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही टीएचसीसारखी औषधं अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत, इतर औषधांनी भागलं नाही तर वापरायची. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी तोंडात फवारायचं औषध आहे. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या मुलांमधल्या अपस्माराच्या हट्टी प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तिथे ते खरंच काम करतं. वेदनेबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०१७च्या त्याच अहवालाने जुनाट वेदनेत फायदा मान्य केला, तर वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरावा अपुरा म्हणून शिफारस करायला नकार दिला. माझ्या मते काही रुग्णांना थोडा फायदा होतो, पण मॉर्फिनची जागा ते घेत नाही.

बाटलीवरच्या लेबलवर विसंबू नका. ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं अमेरिकी संशोधकांनी तपासली, तेव्हा तिघांत एकावरचाच आकडा बरोबर निघाला, आणि १८ मध्ये चक्क टीएचसी होतं. शिवाय सीबीडी यकृतात इतर औषधांचा निचरा अडवतं. वडील वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर रक्तस्रावाची भीती. जे काही द्यायचं ते कर्करोगतज्ज्ञांना सांगूनच, आणि वेदनेसाठी वेदनाशामक उपचारांच्या विभागाची भेट मागून घ्या. ती अनेकदा कोणी आपणहून सुचवत नाही.

चांदणवेल

गरोदरपणाबद्दल दोन ओळी. सकाळची मळमळ थांबते म्हणून काही जणी घेतात. टीएचसी वारेतून बाळापर्यंत पोचतं, अंगावरच्या दुधातही उतरतं. बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध पक्का आहे. मळमळीसाठी सुरक्षित औषधं आहेत, ती मागा. घेत असाल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

रानवाट

मी अनेक वर्षं रोज ओढतोय. सोडायचा प्रयत्न केला की चार दिवस झोप नाही, घाम, चिडचिड, जेवण जात नाही. मित्र म्हणतात गांजाची सवय लागतच नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच का?

निळाई

नाही, रानवाट, मनाचे खेळ नाहीत. सोडल्यावर होणारा हा त्रास २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत रीतसर नोंदलेला आहे. रोज टीएचसी मिळत राहिलं की मेंदू सीबी१ ग्राही कमी करतो. बंद केलं की उणीव भासते. मेंदूच्या चित्रणांतून असं दिसलंय की सोडल्यावर ते ग्राही दोन दिवसांतच परतू लागतात आणि चारेक आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतात.

वेळापत्रक साधारण असं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत सुरुवात, पहिल्या आठवड्यात कळस, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बराच उतार. म्हणजे तुम्ही ज्या चौथ्या दिवशी हार मानता तो बहुधा सगळ्यात वाईट दिवस असतो. झोप सगळ्यात शेवटी सावरते. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, त्यामुळे सोडल्यावर विचित्र, भडक स्वप्नं पडतात आणि माणूस दचकून उठतो. तो बिघाड नाही, दबलेली झोप परत येते आहे.

तुम्ही एकटे नाही. आयुष्यात कधी ना कधी गांजा घेतलेल्या साधारण दहांपैकी एकाला व्यसन जडतं, किशोरवयात सुरू केलेल्यांत सहांपैकी एकाला. यासाठी खास मान्यताप्राप्त गोळी अजून नाही, पण समुपदेशनाने फरक पडतो, विशेषतः तलफ नेमकी कधी, कुठे, कोणासोबत येते हे शोधून त्या वेळेसाठी आधीच ठरवून ठेवण्याने. एकदम जमत नसेल तर आधी दिवसाचा पहिला झुरका पुढे ढकला, सकाळचा दुपारवर, दुपारचा संध्याकाळवर. झोपेसाठी दारूचा आधार मात्र घेऊ नका. लघवीच्या तपासणीची काळजी असेल तर, टीएचसी चरबीत साठतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते महिनाभरही सापडू शकतं. त्यावरून सोडण्याचं यश मोजू नका.

रानवाट

खूप आभार. चौथ्या दिवसाचं आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एक विचारायचं राहिलं. मी तंबाखू मिसळून ओढतो. गांजा बंद करताना सिगारेट चालू ठेवू का?

उंबरठा

हे विचारलंत ते चांगलं केलंत, कारण तुमच्या त्या चार दिवसांतला काही भाग निकोटिनचा असणार. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं ही लक्षणं दोन्हींत सारखीच, त्यामुळे कोणाचा त्रास कोणता ते कळत नाही. सिगारेट चालू ठेवली तर पेटवण्याची, झुरक्याची, धुराची सगळी सवय तशीच राहते आणि हात पुन्हा जुन्या मिश्रणाकडे वळतो. माझा सल्ला, दोन्ही एकत्र सोडा आणि निकोटिनसाठी डॉक्टरांना विचारून पट्टी किंवा च्युइंगम घ्या. खोकला आणि कफ सुरुवातीला वाढल्यासारखा वाटला तरी काही आठवड्यांत कमी होतो. थुंकीत रक्त दिसलं किंवा दम लागायला लागला तर छातीचा फोटो काढून घ्या.

सांजवात

परवाची वेळ मिळाली आहे. वडीलही सोबत येतायत. ताई, जाताना काय काय सांगायचं?

निळाई

कधीपासून ओढतो, किती, कोणत्या प्रकारचं, शेवटचं कधी. आवाज पहिल्यांदा कधी ऐकू आले आणि ओढलं नसेल त्या दिवशीही येतात का. झोपेचे तास. दारू किंवा आणखी काही घेतो का. दोन्हीकडच्या नात्यात कोणाला मानसिक आजार. हे सगळं कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर सुचत नाही. आणि डॉक्टरांना त्याच्याशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, तुमच्यासमोर तो खरं प्रमाण सांगणार नाही.